गोदाकाठचे ताट आणि पोटाचे आरोग्य



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो चारचौघांत काढण्याचा विषय नव्हे, असे आपल्याकडे मानतात. कोठा साफ आहे की नाही, ही गोष्ट माणूस फार तर वैद्याच्या कानात सांगतो, आणि पुष्कळदा त्यालाही सांगत नाही. त्यातून मी पडलो इतिहासाचा अध्यापक. गड, लढाया, तह आणि सनावळ्या यांत रमणाऱ्या माणसाने लोकांच्या आतड्यात कशाला शिरावे, असे आपण विचाराल. माझे उत्तर साधे आहे. राजे कोणते होऊन गेले हा जसा इतिहास, तसाच रयतेच्या ताटात काय होते हाही इतिहासच. आणि ताट बदलले की त्याचा परिणाम कुठेतरी नोंदला जातोच. तो जिथे नोंदला जातो त्या जागेचे नाव मोठे आतडे.

बीडकडून छत्रपती संभाजीनगरकडे येताना गेवराई मागे पडली की गोदावरीचा पूल लागतो. पूल ओलांडला की अंबड तालुक्यातले शहागड. हे माझे आजोळ. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे इथे उतरायचो, आणि आजी पितळीत काय वाढायची ते अजून डोळ्यांपुढे आहे. सकाळी जोंधळ्याची भाकरी, रात्री जोंधळ्याची भाकरी. तिच्याबरोबर तुरीचे वरण, नाहीतर पिठले. पावसाळ्यात अंबाडीची भाजी, हिवाळ्यात करडईची कोवळी पाने आणि हरभऱ्याचा शेंडा. तोच पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवलेला असे. तोंडी लावायला जवसाची चटणी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कधी ताकातल्या कण्या. गव्हाची पोळी सणाला, आणि पांढरा भात पाहुणा आला तर. आम्हां पोरांना अर्थातच पोळी आणि भात हवा असायचा. आजी म्हणायची, “रोज दिवाळी असती तर दिवाळीला कोण पुसलं असतं रं?”

हा जोंधळा आपल्या मातीत इतका मुरलेला आहे, की तो परदेशातून आला यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. त्याचे मूळ घर आफ्रिका. काही हजार वर्षांपूर्वी तो तिकडून हिंदुस्थानात आला आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत रुजला. पावसाळा संपल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर येणारा रब्बीचा जोंधळा, ही या भूमीची खासियत. माणसाला दाणा आणि बैलाला कडबा, असा दुहेरी संसार त्याने चालविला. आपल्या जालना जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही इथे सांगितले पाहिजे. आफ्रिकेचे हे नाते लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला पुन्हा आफ्रिकेत जावयाचे आहे.

आधी मोठे आतडे म्हणजे काय ते थोडक्यात पाहू या. आपण खाल्लेल्या अन्नातला पचण्याजोगा बहुतेक भाग लहान आतड्यातच रक्तात जातो. जो चोथा उरतो तो पुढच्या सुमारे पाच फूट लांबीच्या नळीत उतरतो. ही नळी म्हणजे मोठे आतडे. ती पाणी शोषून घेते आणि मळ तयार करते, एवढेच पूर्वी मानले जाई. पण तिथे अब्जावधी सूक्ष्म जंतूंची वस्ती असते, आणि ही वस्ती आपण टाकलेल्या चोथ्यावर जगते. धान्याचा कोंडा, डाळीची साल, भाजीचे देठ यांतले जे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते हे जंतू आंबवतात. त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्यूटिरेट नावाचे आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन आहे. थोडक्यात, आपल्या जेवणातला चोथा हे आतड्याचे जेवण. शिवाय चोथा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि भरघोस होतो, आणि तो आतड्यात फार वेळ रेंगाळत नाही. चोथा कमी पडला की याच्या उलट होते. मळ कडक होतो, कुंथावे लागते, मूळव्याध बळावते, आणि नको ती द्रव्ये अस्तराला अधिक काळ लागून राहतात.

आता इतिहास. आहार आणि आतडे यांचा संबंध शोधण्याचे एक मोठे काम आपल्याच देशात झाले. रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा आयरिश डॉक्टर १९०१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. गिलगिटकडच्या डोंगरी मुलखात त्याने काही वर्षे काढली. तिथले लोक अख्खे धान्य, भाजीपाला, फळे आणि दूध खाऊन राहत, आणि आतड्याची दुखणी त्यांच्यात त्याला क्वचितच दिसली. पुढे निलगिरीतल्या कुन्नूर येथे त्याने माकडांना निकस अन्न देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या आतड्याला सूज आली आणि त्यांना आव पडू लागली. हे निष्कर्ष त्याने १९२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरी व्याख्यान देऊन मांडले. त्या शहराचे नावही ध्यानात असू द्या.

त्याच मॅककॅरिसनने पुढे एक मौजेचा प्रयोग केला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले लोक जे खातात तेच त्याने उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घातले. वाढ आणि प्रकृती या दोन्ही बाबतींत शिखांच्या जेवणावरचे उंदीर पहिले आले, पठाणांच्या जेवणावरचे दुसरे, आणि मराठ्यांच्या जेवणावरचे तिसरे. सडीक तांदळावर पोसलेला मद्रासी जेवणाचा गट सर्वांत खाली राहिला. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था.

हे ऐकून आपली छाती फुगेल. पण इतिहासकाराने फक्त गौरवाच्या गोष्टी सांगू नयेत. हैदराबादच्या याच संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली वेगळी बाजू पुढे आणली. दख्खनमधल्या ज्या गरीब मजुरांच्या ताटात जोंधळ्याखेरीज दुसरे जवळजवळ काही नव्हते, त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग आढळत होता. या रोगात उन्हात उघडी पडणारी कातडी काळी होऊन सोलते, जुलाब लागतात आणि पुढे पुढे माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. म्हणजे भाकरी चांगली, पण नुसती भाकरी पुरेशी नव्हे. माझ्या आजीचे ताट चांगले होते, कारण भाकरीशेजारी वरण होते, पाला होता, जवस होते, ताक होते. ज्या घरात भाकरी, मीठ आणि मिरची एवढेच होते, त्या घरची आठवण “जुने दिवस चांगले होते” असे म्हणताना आपण सोयीस्कर विसरतो.

आणि १९७२ चा दुष्काळ तरी कसा विसरावा? आमच्या पिढीने तो पाहिला नाही, पण घराघरांत तो ऐकला आहे. पाऊस लागोपाठ फिरला, विहिरी आटल्या, शेते करपली. सरकारने रस्ते, तलाव आणि बांधबंदिस्ती यांची कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. माझी आजी खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी वाटली जाई, आणि कंट्रोलच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. आजी सांगायची, “ती लाल भाकर घशाखाली उतरंना लेकरा, पर पोरं उपाशी निजवण्यापरीस ती बरी.” पोट रिकामे असताना आतड्याच्या आरोग्याची चर्चा कुणाला सुचत नाही. पुढे सरकारने गव्हाचे आणि तांदळाचे कोठार भरण्यावर भर दिला, त्यामागे ही भूक होती. तिला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटी बोलणाऱ्या आपल्याला नाही.

योगायोग पाहा. ज्या १९७२ साली मराठवाडा मिलो खात होता, त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. त्याच्या लेखकांत डेनिस बर्किट हा डॉक्टर होता. हाही आयर्लंडचाच. त्याने जवळजवळ वीस वर्षे आफ्रिकेतल्या युगांडात शस्त्रक्रिया केल्या होत्या. इंग्लंडात नेहमी दिसणारी मोठ्या आतड्याची दुखणी, म्हणजे कर्करोग, आतड्याला येणारे फुगे, मूळव्याध, युगांडातल्या खेड्यांत इतकी कमी का, हा प्रश्न त्याला पडला. त्याने आफ्रिकेतल्या दूरदूरच्या रुग्णालयांना पत्रे धाडली, आकडे मागविले. आणि मग त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी, हसू नका, लोकांचा मळ वजन करून पाहिला. इंग्लंडातल्या खलाशांच्या पोटातून अन्न बाहेर पडायला साधारण साडेतीन दिवस लागत, आणि दिवसाचा मळ भरे सुमारे १०० ग्रॅम. युगांडातल्या खेडुतांच्या पोटातून तेच दीड दिवसात बाहेर पडे, आणि मळाचे वजन चौपटीहून अधिक. बर्किटने त्यातून असा तर्क केला, की पांढरे पीठ आणि साखर खाणाऱ्या समाजाने ताटातला चोथा गमावला, आणि त्याची किंमत त्याचे आतडे मोजत आहे.

बर्किट हे बोलत होता त्याच सुमारास आपले ताट बदलायला सुरुवात झाली होती. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डावा कालवा जालना जिल्ह्यातून पुढे गेला. ज्या रानात शाळू डुलत होता त्या रानात ऊस उभा राहिला. १९६४ पासून संकरित ज्वारी आली, मग खरिपाच्या ज्वारीची जागा हळूहळू कापसाने आणि सोयाबीनने घेतली. शेतकऱ्याने हे वेडेपणाने केले नाही. त्याला मुलांची फी भरायची होती, मुलीचे लग्न करायचे होते, आणि जोंधळ्याला भाव नव्हता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागला, आणि जानेवारी २०२३ पासून तर तो फुकट झाला. घरच्या शेतात पिकत नाही, आणि बाजारातून आणायला पैसे पडतात, असा जोंधळा गरिबाच्या ताटातून जाणारच. पूर्वी गव्हाची पोळी सणाची होती. आता बऱ्याच घरी भाकरीच रविवारची झाली आहे.

पण गव्हावर उगाच राग धरू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले तक्ते पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत साडेअकरा, आणि न चाळलेल्या कणकेतही सव्वाअकरा. म्हणजे घरच्या गव्हाची जाडीभरडी पोळी भाकरीपेक्षा कमी नाही. फरक पडतो तो पुढे. सडीक पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमसुद्धा नाहीत, आणि मैद्यातही तितकेच. अख्ख्या हरभऱ्यात मात्र ते पंचवीस ग्रॅम आहेत. आता आपलाच दिवस आठवून पाहा. सकाळी चहाबरोबर खारी नाहीतर बिस्किटे. दुपारी पोळी, पण कणीक चाळून कोंडा गुरांना टाकलेला. मधल्या वेळी पोराच्या हातात कुरकुरीत तळणाचा पुडा. रात्री भाताचा ढीग आणि बटाट्याचा रस्सा. अंबाडी निवडायला वेळ नाही, हरभऱ्याचा शेंडा खुडायला रानात हरभरा नाही. जोंधळा गेला हे दिसते. त्याच्यासोबत डाळ, पाला आणि घुगऱ्याही ताटातून उतरल्या, हे दिसत नाही, आणि खरे नुकसान तिथे झाले आहे.

याचा परिणाम मोजता येतो का? इथे आपल्याजवळचेच एक गाव मदतीला येते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या सुमारे साडेतीनशे खेड्यांत जाऊन कार्यकर्ते कर्करोगाचा प्रत्येक रोगी नोंदवू लागले. परांडा आणि भूम हे तर आपल्या मराठवाड्यातले तालुके. तिथली माती, तिथली भाकरी आपल्यासारखीच. या नोंदींत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण जगातल्या अत्यंत कमी प्रमाणांपैकी निघाले. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती, आणि तिथले प्रमाण बार्शीहून बरेच जास्त आहे.

यावरून उड्या मारण्याचे कारण नाही. खेड्यातला रोगी दवाखान्यापर्यंत पोचतच नसेल तर तो नोंदला कसा जाणार, ही शंका रास्त आहे. शिवाय त्याच बार्शीच्या नोंदींत बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत वर होते. तेव्हा खेडे म्हणजे आरोग्याचे माहेर, असा अर्थ कुणी काढू नये. एवढे मात्र म्हणता येते, की मोठ्या आतड्याच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी आपल्याला चांगली स्थिती मिळवून दिली. ती ठेव आहे. ठेव खर्च करीत गेले की संपते.

शास्त्रज्ञांत यावर मतभेद झाले नाहीत असेही नाही, आणि शिक्षकांनी तेही मुलांना सांगावे. १९९९ साली अमेरिकेत ८८ हजारांहून अधिक परिचारिकांचा सोळा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात तंतूंचा व आतड्याच्या कर्करोगाचा काही संबंध दिसला नाही. बर्किट चुकला, असे पुष्कळांना वाटले. मग २००३ साली युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. त्यात सर्वांत जास्त तंतू खाणाऱ्या गटात हा कर्करोग सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळला. सगळेच जिथे कमी खातात तिथे फरक दिसणार तरी कसा, हेही त्यातून उमगले.

२०१५ साली याच्याही पुढचा प्रयोग झाला. पिट्सबर्गमधले, म्हणजे मॅककॅरिसनने जिथे व्याख्यान दिले त्याच शहरातले, वीस कृष्णवर्णीय अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातली वीस माणसे यांनी दोन आठवडे एकमेकांचे जेवण जेवले. अमेरिकनांना दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम तंतू मिळाले, आफ्रिकनांना मांस आणि चरबी भरपूर, पण तंतू अवघे १२ ग्रॅम. केवळ चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्याच्या अस्तराची सूज उतरली आणि ब्यूटिरेट अडीच पट झाले. आफ्रिकनांचे ब्यूटिरेट निम्म्यावर आले आणि अस्तर बिघडू लागले. कर्करोग चौदा दिवसांत होत नाही आणि जातही नाही. परंतु आतड्यातली वस्ती ताटाकडे किती बारीक लक्ष ठेवून असते, हे यातून कळले.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगू की नको असा विचार केला, पण सांगायलाच हवी. माझे शहागडचे मामा जन्मभर भाकरी खाणारे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना शौचावाटे रक्त पडू लागले. त्यांनी ते घरात कुणालाही सांगितले नाही. मूळव्याध असेल म्हणून कुणाकडून तरी झाडपाल्याचे औषध आणले. जवळजवळ वर्ष गेले. पोट कधी घट्ट, कधी ढिले, अंगावरचे मांस उतरले, चालताना दम लागू लागला, तेव्हा मामीच्या लक्षात आले. मी विचारले, “मामा, आधी का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “ह्या गोष्टी कुणाला सांगायच्या असत्यात का बाबा?” तपासात मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ती पसरलेली होती. शस्त्रक्रिया झाली. मामा आणखी दोन वर्षे जगले.

तुम्ही विचाराल, भाकरी खाऊनही असे कसे झाले? हाच प्रश्न मामीने मला विचारला होता. आहार हा ताईत नव्हे. तो हजार माणसांतली किती आजारी पडतील हे कमी करू शकतो, अमुक एका माणसाला वचन देऊ शकत नाही. वय, घराण्यातला दोष, तंबाखू, दारू, वाढलेले वजन, बसून राहण्याची सवय, यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून ताट जपावे, आणि ताट जपले म्हणून लक्षणांकडे डोळेझाक करू नये. शौचावाटे रक्त पडणे, काही आठवडे शौचाची सवय बदलणे, कारण नसताना वजन उतरणे, अंगात रक्त कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर लाज सोडून डॉक्टरांकडे जा. बहुतेकांची ती मूळव्याधच निघेल, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. गाठ लवकर सापडली तर बरी होण्याची शक्यता पुष्कळ असते.

या लाजेचाही एक इतिहास आहे, आणि तो विशेषतः बायकांचा आहे. घरात संडास नव्हते तेव्हा बायाबापड्या दिवस मावळण्याची वाट पाहत. परसाकडे जावे लागू नये म्हणून पाणी कमी पीत, भूक असूनही कमी खात. मग कितीही चांगली भाकरी खाल्ली तरी कोठा जड राहणारच. आज अनेक घरांत संडास आले आहेत, पण ती वेग दाबण्याची आणि पाणी न पिण्याची सवय अजून गेलेली नाही. ती सोडा.

मग करावयाचे काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून घ्यावेत. आपल्या घरात हे अवघड नाही. पीठ ज्वारीचे असो की गव्हाचे, कोंडा फेकू नका. एक वेळ तरी भाकरी असू द्या. भाताबरोबर वरण दाट असू द्या. आठवड्यात दोनतीनदा हरभऱ्याच्या किंवा मटकीच्या उसळी करा. बिस्किटाच्या जागी फुटाणे आणि शेंगदाणे ठेवा. मोसंबी तर आपल्या जिल्ह्याची. तिचा रस काढून चोथा टाकण्यापेक्षा फोडी सोलून खा. रात्रीची शिळी भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून खाण्यातही तथ्य आहे, कारण शिजून थंड झालेल्या पिठातला काही भाग न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि तिथल्या जंतूंना मिळतो. मात्र चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगते. हळूहळू वाढवा, आणि त्याबरोबर पाणी भरपूर प्या. ज्यांना आतड्याचा काही विकार आधीच आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. भाकरी परत आणायची म्हणजे पुन्हा सुनेनेच चुलीपुढे बसावे, असा याचा अर्थ करू नका. जात्यावरच्या ओव्यांचे आपण कौतुक करतो, पण पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या हाताचे घट्टे कुणी मोजले नाहीत. गिरणी आली तेव्हा आजीला हायसे वाटले होते. ज्याला भाकरी हवी त्याने पीठ मळायला, भाजी निवडायला हात लावावा.

शिक्षक मित्रांना एक विनंती करतो आणि थांबतो. पुढल्या आठवड्यात मुलांना दोन ताटे लिहून आणायला सांगा. एक आजीच्या लहानपणीचे, आजीला विचारून लिहिलेले, आणि दुसरे कालचे. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कोणता पदार्थ कधी गेला, का गेला, कोणता आला, कुठून आला, हे मुलांनाच शोधू द्या. धरण, दुष्काळ, कंट्रोल, कापूस, सोयाबीन, सगळा गेल्या साठ वर्षांचा इतिहास त्या फळ्यावर उतरेल. शाळेत परसबाग असेल तर तिच्यात अंबाडीचे चार तास टाका. आणि मुलांना हेही सांगा, की पोटाची तक्रार घरात मोकळेपणी सांगायची असते.

परवा शहागडला गेलो होतो. मामांच्या रानाचा एक तुकडा त्यांच्या मुलाने यंदा शाळूसाठी ठेवला आहे. मी त्याला म्हणालो, “बरं केलंस.” तो म्हणाला, “आई म्हणली, घरच्यापुरता तरी पेरू.”